काट्याला टिचकी

“तिरका करा जरा. माझ्याकडे नाही, भिंतीकडे. आता भिंतीकडे म्हणजे भिंतीला घासू नका.”

पायवाल्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सूचना देत होती आणि त्या सूचनांचा मान राखता राखता पायवाले आणि फ्रीजवाला पंपासकट मागच्या खोलीच्या उंबऱ्यात अडकले होते. हवा ओढायचा तो पंप दिसायला मोठा नव्हता. शिवणयंत्राच्या डोक्याहून थोडा थोराड, एवढाच. पण आत सगळं बीड आणि बुडाला मोटार, त्यामुळे उचलणाऱ्याला तो हत्तीचं पिल्लू वाटावा. फ्रीजवाल्याची कंबर जुनी, पायवाल्यांची त्याहून जुनी. शेवटी दोघांनी तो उंबऱ्यावर टेकवला आणि आपल्याला धाप लागलेली नाही असं एकमेकांना दाखवत उभे राहिले.

“जावई आले म्हणायचे,” बायको म्हणाली. “दारातच अडून बसलेत.”

“वहिनी, जावयापेक्षा गुणी आहे हा,” फ्रीजवाला म्हणाला. “वेळच्या वेळी तेल पाजा, पाणी मात्र पोटात जाऊ देऊ नका. माझ्या दुकानात जन्मभर राबला. दुकानच बंद केलं म्हणून देतोय, नाहीतर दिला नसता.”

“सगळे मुलाकडचे असंच म्हणतात,” असं म्हणून ती आत गेली. पंपाला जावई हे नाव मात्र कायमचं चिकटलं.

पायवाल्यांना पायवाले म्हणत, कारण त्यांनी जन्मभर पाय केले. कृत्रिम पायांच्या कारखान्यात ते मिसरूड फुटताना लागले आणि कारखान्यानं हातानं पाय करणं बंद केलं त्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, डावा पाय तरुणपणीच गुडघ्याखाली गेला होता. रस्त्यावरचा अपघात. बहिणीसाठी भावानं हा धंदा पत्करला असं लोक कौतुकानं सांगत. खरी गोष्ट अशी, की आक्का आपला पहिला पाय बसवून घ्यायला कारखान्यात गेली, तिथं माणूस हवाय असं तिच्या कानावर आलं, आणि घरी लोळत पडलेला भाऊ तिनं दुसऱ्या दिवशी नेऊन तिथं उभा केला. तिचा पहिला पाय तिथल्या वस्तादांनी केला. त्यानंतरचा प्रत्येक पाय धाकट्या भावानं.

आणि शेवटचा पाय बिघडला.

आक्का तसं कधी बोलली नाही. त्या पायावर ती काही महिने चालली, मग कमी चालली, मग तिनं कुबड्या घेतल्या. मागच्या गल्लीतल्या आपल्या घरातून रोज संध्याकाळी पत्ते खेळायला येणारी बाई यायची थांबली. विचारलं की म्हणायची, “कंटाळा येतो रे. वय झालं. गुडघा कुरकुरतो.” पण एकदा डबा द्यायला गेले असताना पायवाल्यांनी ती जखम पाहिली. हाडाच्या टोकावर, नाण्याएवढी. सॉकेट नीट बसलं नाही की जिथं होते, नेमकी तिथं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती प्लॅस्टिकची वाटी. वाटी जमली तर माणूस चालतं, वाटी फसली तर माणूस बसतं, असं वस्ताद सांगायचे. ही वाटी पायवाल्यांच्या हातची होती. आपला हात गेला, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी धरून ठेवलं आणि कोणालाही सांगितलं नाही.

नव्या दुकानातल्या तयार वाट्या आक्कानं घालून पाहिल्या. एक ढिली झाली, एक आवळली. “चपला तयार मिळतात, पाय कसा मिळेल?” एवढं बोलून तिनं विषय संपवला. पायवाल्यांच्या मनातून मात्र तो संपेना. एक वाटी नीट करून द्यायची, बस. जमली तर आक्का चालेल. नाही जमली तर ती खिडकीशी बसून राहील, आणि ती कुणामुळे बसली आहे हे आपल्याला रोज ठाऊक असेल.

वाटी करायची रीत सांगायला सोपी आहे. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा. साच्यावर पातळ मोजा चढवायचा. भट्टीत तापून काचेसारखी आरपार दिसू लागलेली प्लॅस्टिकची शीट त्यावर पांघरायची, मागच्या बाजूला चिमटून बंद करायची, आणि लगेच खालच्या नळीतून आतली हवा ओढून घ्यायची. हवा गेली की शीट साच्याला बिलगते, खळग्यात खळगा, उंचवट्याला उंचवटा. कारखान्यात याला नुसतं ‘ओढ’ म्हणत. ओढ शीट गार व्हायच्या आत लागली पाहिजे, एका दमात. साचा घरी होण्यासारखा होता. भट्टी एका बेकरीवाल्यानं मोडीत काढलेली मिळाली. अडलं होतं ते पंपाशी, आणि आता तोही आला होता.

जावयाची बडदास्त सुरू झाली. त्याच्यासाठी कपडे धुण्याचं यंत्र कोपऱ्यातून हललं आणि स्वयंपाकघराच्या वाटेत येऊन उभं राहिलं. पायवाल्यांनी आधी पंपाचं तेल काढलं, तर ते ताकासारखं पांढरट निघालं. म्हणजे पोटात पाणी गेलं होतंच. नवं तेल भरून चालवलं, तेही काढलं, पुन्हा भरलं, तेव्हा कुठं काचेतून मधासारखा रंग दिसायला लागला. खाली रबराचे तुकडे घातले, नाहीतर पंप थरथरत खोलीभर फिरला असता. तेलाची वाफ स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून मागच्या तोंडाला नळी लावून ती खिडकीबाहेर काढली.

हवा ओढायला म्हणून त्यांनी पहिल्यांदा झाडांना पाणी घालायची नळी जोडली. इतकी वर्षं काढलेल्या माणसानं करू नये अशी ही चूक होती. पंप सुरू झाला आणि त्यानं ती नळी एका घोटात चपटी केली.

“जावयांना साधं चालत नाही,” बायको दारातून म्हणाली. “आता झाडांना ओंजळीनं पाणी घालू का?”

पायवाले हसले आणि जाड भिंतीची नळी घेऊन आले. आक्काचा पाय बिघडल्यापासून ते घरात असे मोकळे हसले नव्हते, हे बायकोनं ध्यानात ठेवलं आणि झाडांचा विषय वाढवला नाही.

सगळ्यात शेवटी त्यांनी ओढ मोजायचं गेज बसवलं. हे गेज म्हणजे साधी वस्तू नव्हती. कारखान्यात ओढीच्या नळीवर ते पहिल्यापासून होतं. पितळी, थाळीएवढं, काळा काटा, आणि खाली डाव्या अंगाला पूर्ण ओढीची लाल खूण. वस्तादांनी त्याच्याकडे बघून काम केलं, वस्तादांच्या मागे पायवाल्यांनी. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी ते भिंतीवरून उतरवलं, घासूनपुसून सोन्यासारखं केलं आणि लाकडी ठोकळ्यावर बसवून त्यांच्या हातात दिलं. भाषणं झाली. पायवाले नुसते काचेवरून हात फिरवत राहिले. आता त्यांनी ते ठोकळ्यावरून सोडवलं आणि घरच्या नळीवर चढवलं. पंप सुरू केला, काटा वर आला, वरून खाली वळला आणि अर्ध्यात रेंगाळला. त्यांनी सवयीनं काचेवर टिचकी मारली. काटा शहाण्यासारखा लाल खुणेवर जाऊन बसला.

“बघ,” ते बायकोला म्हणाले, “अजून तसंच आहे. म्हातारं झालंय, एवढंच. टिचकी लागते.”

“म्हाताऱ्यांना लागतेच,” ती म्हणाली.

आक्काच्या पायाचा साचा त्यांनी तिच्याच घरी जाऊन घेतला. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्यांची तयारी चालली असताना ती खुर्चीत बसून शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत होती. आक्का जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात कानाला यंत्र लावून बसलेली. बोलायला बसली की समोरच्यानं मध्ये येऊ नये अशी तिची अपेक्षा असे. पायवाल्यांनी जांभळ्या शिसपेन्सिलीनं दुखऱ्या जागांवर साच्यात उमटतील अशा खुणा केल्या. हाडाच्या टोकाशी आले तेव्हा त्यांचा हात थांबला.

“इथं दुखतं?”

“तिथं कधीपासूनच काही नाही,” आक्का म्हणाली आणि पुन्हा सुनेकडे वळली. पण पेन्सिल टेकली तशी तिची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आवळलेली त्यांनी पाहिली.

पहिली शीट वाया गेली, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. नवी भट्टी, नवी जागा. शीट तापली, त्यांनी ती पांघरली, चिमटली, नळीचा कॉक उघडला, काट्याला टिचकी मारली. लाल खूण. तरी गुडघ्याखालच्या खळग्यात, जिथं शीटनं आत शिरून बसायला हवं, तिथं ती अधांतरी राहिली, ढिल्या चादरीसारखी. दुसऱ्या शीटला त्यांनी भट्टी जास्त तापवली, हालचाल भरभर केली. काटा लाल खुणेवर, आणि शीट पुन्हा तिथंच अधांतरी.

त्यांनी फ्रीजवाल्याला बोलावलं. तो आला, त्यानं पंपाची नळी काढली आणि उघड्या तोंडावर अंगठा ठेवला. अंगठा असा ओढला गेला, की सोडवताना त्याला दुसरा हात लावावा लागला.

“पंप ठणठणीत आहे,” तो अंगठा चोळत म्हणाला. “तुमचं गेजही पूर्ण ओढ दाखवतंय. मग आता पंपाला बोल लावू नका हो.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” बायको सहज म्हणून गेली. जावयाच्या थट्टेची तिला सवय झाली होती, त्याच ओघात ती बोलली. पण पायवाल्यांचा चेहरा बघून तिला जीभ चावावीशी वाटली.

कारण ते स्वतः तोच हिशेब करत होते. पंप चांगला. गेज पूर्ण ओढ दाखवतं. भट्टी तापते, शीट वितळते. मग राहिलं काय? राहिले हे दोन हात. पूर्वी शीट पांघरून चिमटून होईपर्यंत ती पाणी असायची. आता आपण हळू झालो आहोत, आपल्याला कळत नाही एवढंच. मागच्या वाटीला हेच झालं आणि या वाटीलाही हेच होतंय. फ्रीजवाला गेल्यावर ते स्टुलावर बसले आणि आपले हात उलटसुलट करून बघत राहिले. हातांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. जुने भाजल्याचे डाग तेवढे होते.

“आक्काला सांगून येतो,” ते उठून म्हणाले. “उगाच आशेवर ठेवण्यात अर्थ नाही.”

“आजच सांगायला पाहिजे का?”

“उद्या सांगितलं म्हणून हात परत येणार आहे का?”

आक्का दाराशीच होती, कुबड्यांवर. तिच्या पायापाशी बुटांचा जोड ठेवला होता. काळे, नाडीचे, टाच बदललेले. डाव्या बुटात कागदाचा बोळा कोंबला होता, आकार राहावा म्हणून.

“बरा आलास,” ती म्हणाली. “चांभाराकडून आणवले. दोन्ही टाचा नव्या केल्या. त्याला म्हटलं, एकीचं काम कमी करू नको, तो पाय झिजत नाही म्हणून फसवशील. दोन्ही सारख्या पाहिजेत.”

पायवाले बुटांकडे बघत उभे राहिले.

“काय रे? वाटी झाली?”

“होतेय.”

“मग मी येते बघायला. माझाच पाय, मला नको बघायला? उद्या सकाळी गाडी पाठव. आणि तोंड असं करू नकोस, लहानपणी शाळा बुडवून आल्यावर असंच करायचास.”

सकाळी आक्का आली. खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली, कुबड्या भिंतीला टेकवल्या, भट्टी पाहिली, पंप पाहिला आणि “हेच का ते जावई?” असं विचारून भावजयीला हसवलं. पायवाल्यांनी ठरवलं होतं, की तिच्यादेखत एक शीट करायची. ती आपल्या डोळ्यांनी बघेल, मग सांगावंही लागणार नाही. दोनच शीट उरल्या होत्या.

शीट आरपार दिसू लागली. त्यांनी ती उचलली, पांघरली, चिमटली. कॉक उघडला, काट्याला टिचकी मारली. लाल खूण. आणि गुडघ्याखालची ती जागा त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा अधांतरी राहून गार झाली.

“बघितलंस ना आक्का,” ते म्हणाले. आवाज सरळ ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, तरी तो वाकलाच. “यंत्रं सगळी चांगली आहेत. माझा हात गेला. मागच्या खेपेसच गेला होता. मी तुला…” आणि ते पंप बंद करायला वाकले.

“थांब. बंद करू नकोस.”

आक्का मान तिरकी करून बसली होती. टेलिफोनच्या ऑफिसात ती अशीच बसायची, गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायचा असला की.

“वहिनी, तो तुझा पंखा बंद कर. आणि नळ.” पंखा थांबला, नळ थांबला. पंपाची घरघर तेवढी राहिली. “हं. तुझं यंत्र शीळ घालतंय.”

“पंपाचा आवाज आहे तो.”

“पंपाचा आवाज खाली आहे. जाडा आहे. हा वर आहे, बारीक. लाइन खराब असली की असाच यायचा. मला शिकवू नकोस.”

“आक्का, हवा कुठून जात असती तर गेजनं दाखवलं असतं. हे बघ, काटा पुरता खुणेवर आहे.” आणि त्यांनी पुन्हा टिचकी मारली.

“टिचकी कशाला मारलीस?”

“मारावी लागते.”

“का?”

“अडकतो तो. जुना आहे.”

“आणि टिचकी न मारता काय म्हणतो?”

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. कारखान्यात येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात टिचकी शिकला, नंतर त्यानं दुसऱ्याला शिकवली. काटा अर्ध्यात दिसला की टिचकी, टिचकी मारली की लाल खूण, लाल खूण दिसली की काम पुढे. पायवाल्यांनी पंप बंद केला, पुन्हा सुरू केला आणि या वेळी हात मागे बांधून उभे राहिले. काटा वर आला, वळला, अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. ते वाट बघत राहिले. बायको बघत राहिली. काटा हलला नाही.

मग त्यांनी गेजच्या मागे कान नेला. शीळ तिथंच होती. पितळी झाकणाच्या फटीतून, इतकी बारीक, की ऐकायचीच नाही असं ठरवलेल्या माणसाला ती कधी ऐकू आली नसती. फटीवर त्यांनी ओलं बोट ठेवलं, तर बोट आत ओढलं गेलं. गेजच्या आतली बारीक नळी तडकली होती, तडा वर्षानुवर्षं वाढत आला असणार, आणि हवा तिथूनच आत येत होती. काटा आपल्या आसावर सैल झाला होता. टिचकी मारली की आपल्याच वजनानं खाली घसरायचा, आणि या गेजवर पूर्ण ओढीची खूण नेमकी खाली होती. ओढ राखायला ठेवलेलं गेजच ओढ खात होतं. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर रोज सांगितलं की पीक उत्तम आहे.

त्यांनी पाना घेतला, गेज उतरवलं आणि त्या भोकात टेप गुंडाळलेला एक बोल्ट घट्ट आवळून बसवला. पंप सुरू केला. सुरुवातीला तो घरघरला, मग त्याचा आवाज खाली खाली गेला आणि अगदी शांत होऊन बारीक टकटक तेवढी राहिली. असा आवाज त्यांनी उमेदवारीच्या दिवसांत ऐकला होता आणि नंतर तो कधी गेला ते त्यांना कळलंही नव्हतं.

“गेली शीळ,” आक्का म्हणाली.

शेवटची शीट त्यांनी भट्टीत सरकवली. ती तापत होती. बायकोनं विचारलं, “काट्याशिवाय कळेल का हो?” आणि तिचं तिलाच वाटलं, की नसतं विचारलं.

“कळेल,” ते म्हणाले. “हातच्या काकणाला आरसा कशाला?”

शीट निघाली, पांघरली गेली, मागं चिमटली गेली. कॉक उघडताच ती साच्यावर अशी बसली, की पायवाल्यांचे हात अजून चिमटीत असतानाच गुडघ्याखालचा खळगा भरून गेला होता. पारदर्शक प्लॅस्टिकमधून आतल्या मोज्याची वीण दिसत होती, एकूणएक टाका. विणीखालून जांभळ्या पेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या. हात हळू झाले नव्हते. शीट गार व्हायच्या कितीतरी आधी ते आपलं काम उरकून रिकामे झाले होते.

“तो मागचा पाय आणलायस?” ते आक्काला म्हणाले.

“पिशवीत आहे.”

त्यांनी तो घेतला, खिडकीशी नेला आणि वाटीच्या आत उजेड पाडला. वरच्या कडेला मोज्याची वीण उमटली होती. गुडघ्याखालच्या खळग्यात मात्र आतली बाजू गुळगुळीत होती, बशीसारखी. तिथं शीट साच्याला कधी लागलीच नव्हती. वजन जिथं पेलायचं तिथं आधार नव्हता, म्हणून ते सगळं घसरून हाडाच्या टोकावर गेलं होतं. त्या वर्षी बाकी काम तयार वाट्यांवर गेलं होतं. कारखान्यात हातानं ओढलेली ही एकच वाटी, आणि ती ओढताना त्यांनी गेजकडे बघून टिचकी मारल्याचं त्यांना स्वच्छ आठवलं.

ते स्टुलावर बसले. छातीवरून पोतं उतरावं तसं झालं आणि ते उतरल्यावर कळलं, की केवढं होतं. डोळे पुसायला हात वर नेला तर तो प्लास्टरनं माखलेला, म्हणून त्यांनी बाहीनं पुसले. आपण रडतोय की हसतोय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला.

“या खेपेला अंगणच वाकडं होतं,” ती म्हणाली. “मी मेली आपली बोलून गेले.”

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “आक्का, मागचा पाय टोचत होता ना?”

“टोचत होता.”

“मग बोलली का नाहीस?”

आक्का साडीचा पदर नीट करत बसली. “निरोपाची भाषणं ऐकून नुकता घरी आला होतास. त्या माणसाला काय सांगू, की शेवटचा पाय बिघडला? मला वाटलं, थकलास. माणूस थकतं. थकलेल्याला थकलास म्हणू नये.”

“आणि म्हणून बसून राहिलीस घरात?”

“तू तरी बोललास का? जखम बघितलीस त्या दिवशी डबा तसाच हातात घेऊन परत निघाला होतास. तेव्हाच कळलं मला.” मग ती नेहमीच्या आवाजावर आली. “काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरात एवढा चांगला कान असताना त्या पितळेच्या थाळीला विचारत बसलास.”

वाटी कापून, कडा घासून, खालचा पाय जोडून तयार व्हायला आणखी काही दिवस गेले. जखम भरेपर्यंत थांबायचं असं पायवाल्यांनी बजावलं आणि आक्का कुरकुरत थांबली. गेज त्यांनी पुन्हा त्याच्या लाकडी ठोकळ्यावर बसवून बाहेरच्या खोलीत ठेवलं. सोबत्यांनी प्रेमानं दिलेली वस्तू, तिच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. तिथं त्यानं काय वाटेल ते दाखवावं.

एका संध्याकाळी मागच्या दाराची कडी वाजली. आक्का काळे बूट घालून दारात उभी होती. दोन्ही टाचा नव्या. कुबड्या नव्हत्या, नुसती काठी होती आणि तीही काखोटीला मारलेली. बायकोनं न विचारता पत्ते काढले. आक्कानं पहिले दोन डाव जिंकले, तिसऱ्यात पायवाल्यांना लबाडी करताना पकडलं, आणि अंधार पडायच्या आत निघते म्हणून उठली.

“सोडायला येतो,” पायवाले म्हणाले.

“कशाला? वाट विसरले का मी?”

ती पायऱ्या उतरली. पायवाले मागच्या दारात उभे राहिले. वळणापुढे गल्ली दिसत नव्हती, कुंपणाच्या भिंतीमागे आक्काही दिसेनाशी झाली, पण पावलं ऐकू येत होती. एक पाऊल नेहमीचं, एक किंचित जड. दोघांमधलं अंतर सारखं. ते मोजत नव्हते, पण अंतर सारखं आहे हे त्यांना कळत होतं.

मध्येच आवाज थांबला. पायवाल्यांचा हात चौकटीवर घट्ट झाला आणि ते एक पायरी उतरले. मग आक्काचा आवाज आला. कोणीतरी भेटलं असावं. “नाही हो, कसली घाई?” ती म्हणत होती. “जरा लांबून जाणार आहे.” मग पावलं पुन्हा सुरू झाली आणि घराच्या गल्लीकडे न वळता सरळ पुढे गेली.

“काय बघताय अंधारात?” बायको आतून बाहेर येत म्हणाली.

पायवाल्यांनी नुसता हात वर केला. ती त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली, आणि हातातलं घासलेलं भांडं तिनं वाजू दिलं नाही.